उजव्या छातीवरचं पदक

आबा, म्हणजे माझे वडील, चालताना कधी मागे वळून बघायचे नाहीत. बाजारात कोणी हाक मारली तर जागच्या जागी थांबायचे, पण मान फिरायची नाही. ज्याला गरज असेल त्याने वळसा घालून समोर यावं. गावात म्हणायचे, पेन्शनीचा ताठा आहे, दुसरं काय! तो शब्द ऐकला की माझं डोकं सटकायचं. शाळेत असताना त्यावरून एक-दोघींच्या झिंज्या मी उपटल्यात, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आमचं घर रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. वर बोटभर लाल माती, तिच्यावर गवत, आणि खाली नुसता कातळ. हा कातळ काही ठिकाणी आतून पोकळ असतो. पाय आपटला की खालून आवाज येतो. शाळा सड्याच्या पलीकडे होती, आणि आबा सुट्टीवर आले की मला पोचवायला यायचे. ते पुढे, मी मागे. त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक माझ्या हातात.

“नुसतं मुठीत धरू नको बाय, बोटाला वेढे घे,” असं ते मला रोज बजावायचे. थोडं चाललं की टॉवेलला पुढून एक हिसका यायचा. आपणही एक हिसका द्यायचा. म्हणजे मी आहे. एकदा खोडी म्हणून मी हिसका दिलाच नाही. आबा थांबले. मान वळली नाही. “बाय?” म्हणाले. मी गप्प. “बाय, बोल काहीतरी.” आवाज इतका बारीक झाला होता की मला हसू आलं. मग त्यांच्या शर्टाची पाठ दिसली. हिवाळ्यातली सकाळ, आणि पाठ घामाने चिंब. मी धावत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारली, आणि पुन्हा त्या खेळाच्या वाटेला गेले नाही.

आबा सैन्यात सॅपर होते. लोकांना वाटतं, सैनिक म्हणजे बंदूक. आबांच्या हातात लढाईच्या वेळी एक लोखंडी सळी होती. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूने जमिनीत सुरुंग पेरून ठेवलेले, त्यातून आपल्या रणगाड्यांसाठी वाट मोकळी करायची, हे त्यांचं काम. पुढच्याने गुडघ्यावर बसून सळी तिरकी खुपसत जायचं. मागच्याने पांढरी पट्टी अंथरत यायचं, तिचं एक टोक पुढच्याकडे. पट्टीच्या आत पाय टाकला तर जगलात, बाहेर टाकला तर संपलात. पुढच्याने मागे बघायचं नाही, कारण डोळे जमिनीवरून हलले की खेळ खलास. मागे जोडीदार आहे की नाही, हे फक्त पट्टीला येणाऱ्या हिसक्यावरून कळायचं. एवढं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, आंब्याला पाणी घालता घालता. पुढचं विचारलं तर म्हणाले, “ती पाइपाची तोटी बंद कर.”

त्या लढाईचं त्यांना एक पदक मिळालं होतं. शौर्याचं नव्हे हो, सेवेचं. “तिथे होते त्या सगळ्यांनाच देतात,” असं ते स्वतःच सांगायचे. ते पदक आमच्या ओटीवर, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, काचेच्या पेटीत असायचं. वर्षातून दोनदा बाहेर निघायचं: सव्वीस जानेवारीला आणि जयंतीच्या मिरवणुकीला. आई ते आबांच्या कोटाला लावून द्यायची, आणि नेहमी उजव्या बाजूला. जगातले सगळे फौजी डावीकडे लावतात. आमचे आबा उजवीकडे. मिरवणुकीत कोणी ना कोणी बोलायचंच, “म्हातारबा, चुकीच्या बाजूला लागलंय.” आबा पुढे चालत राहायचे. आई म्हणायची, “त्यांना ठाऊक आहे कुठे लावायचं ते. तू तुझी टोपी सरळ कर आधी.”

आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, तर शहरातला फ्लॅट बंद करून आबांकडे राहायला आले. मी विज्ञान शिकवायचे. शिवाय आमचं बौद्धांचं घर. भूतखेत, उतारे, नारळ ओवाळणं, यातलं काही उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, असं आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून ठरलेलं. ‘अरे देवा’ एवढं तोंडात येतं, ते सवयीने. सांगायचा मुद्दा एवढाच, की यापुढे जे लिहिते आहे ते लिहिताना माझा हात आनंदाने चालत नाहीये.

आबांचं विसरणं आईच्या मागे सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण, मग आई गेल्याचंही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जपा, एकटं सोडू नका. तरी आम्हा दोघांचं बरं चाललं होतं. मी ओरडायचे, ते ऐकल्यासारखं करायचे.

मग या वर्षीची सव्वीस जानेवारी आली. शाळेच्या पटांगणात झेंडावंदन. मी आईसारखंच पदक उजवीकडे लावून दिलं होतं. गावातला एक तरणा जवान सुट्टीवर आलेला. गुणी पोरगा. त्याने आबांना कडक सॅल्यूट ठोकला आणि मग हळूच म्हणाला, “आजोबा, स्वतःचं मेडल डावीकडे असतं. उजवीकडे फक्त गेलेल्या माणसाचं, त्याच्या घरच्यांनी लावायचं.” आणि प्रेमाने, स्वतःच्या हाताने, त्याने पिन काढून पदक डावीकडे लावलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

आबांनी मान खाली घालून पदकाकडे बघितलं. मग चेहरा असा उजळला, की आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. माझ्या कानाशी लागून म्हणाले, “म्हणजे आहे तो?”

“कोण आहे?”

“मग मागेच राहिला असेल,” म्हणाले. “त्याला आणायला हवं.”

घरी आल्यावर त्यांनी मला पदकाला हात लावू दिला नाही. कोटावरून काढून स्वतः सदऱ्यावर लावलं, डावीकडेच. त्याच संध्याकाळी, तिन्हीसांजेला, मी चहा घेऊन बाहेर आले तर आबा अंगणात गुडघ्यांवर. हातात जुन्या छत्रीची दांडी. ती तिरकी धरून मातीत खुपसत होते, पुढे सरकत होते, पुन्हा खुपसत होते. मिरकरवाड्याच्या बंदरातून जाळ्याच्या पांढऱ्या दोऱ्याचं एक मोठं रीळ आईने पडवळाच्या मांडवासाठी कधीतरी आणलं होतं, तो दोरा पडवीच्या खांबाला बांधून त्यांनी मागे सोडत आणला होता. “आबा, उठा,” म्हटलं, “गुडघे जातील.” त्यांनी मान वळवली नाही. दोऱ्याला एक हिसका दिला, आणि वाट बघितली. मग समाधानाने मान हलवून पुढे सरकले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी सकाळी दोरा गुंडाळून ठेवायचे, ते संध्याकाळी पुन्हा खांबापासून सुरुवात करायचे आणि कालच्यापेक्षा पुढे जायचे. आधी अंगण, मग पेरूचं झाड, मग कुंपणाची बेळ, म्हणजे जायच्या-यायच्या वाटेचं बांबूचं फाटक. आणि बेळीच्या पलीकडे काय आहे, हे मला न बघताही ठाऊक होतं. चिरेखाण. घरांसाठी चिरे कापून नेलेत आणि चौकोनी खड्डा सोडून दिलाय, सरळ तासलेल्या भिंतींचा, तळाला हिरवं पाणी. कठडा नाही, काही नाही. गुरं पडलीत त्यात. आबांची वाट नाकासमोर तिकडेच निघाली होती.

मी ओरडले, रडले, शपथा घातल्या. बेळ तारेने बांधली, त्यांनी ती शांतपणे सोडवली. त्या हातांना तारा सोडवायला कोण शिकवणार! धरून आत आणलं तर खिडकीशी जाऊन उभे राहायचे. “तो पट्टीवर उभा आहे गो. मी आत कसा येऊ?” डोळ्यांत पाणी. एकदा दाराला कडी घातली, तर रात्रभर जेवले नाहीत, आणि छातीत दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांना बोलवायची पाळी आली. कोंडलं तरी जाणार, सोडलं तरी जाणार. माझी झोप उडाली.

आणि घर बदललं. कसं सांगू? आबा चहाचे दोन कप मागायला लागले. भाकरीतली अर्धी काढून पडवीत ठेवायचे. ती कावळे नेत असणार, दुसरं कोण? अंगणातल्या कोंबड्या दोरा ओलांडेनात. दोरा जमिनीपासून वीतभर, कोंबडी सहज जाईल, पण दोऱ्यापाशी येऊन उभ्या राहायच्या, मान तिरकी करून मागच्या टोकाकडे बघायच्या, आणि लांबचा वळसा घालून जायच्या. पांढरा रंग नवा आहे, बुजतात, असं मी स्वतःला समजावलं. मग एका दुपारी मी स्वतः हातात सूप घेऊन दोऱ्यापाशी आले, आणि वळसा घालून गेले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं तेव्हा स्वतःचाच इतका राग आला की सूप तिथेच आपटलं.

त्या रागातच मी साफसफाई काढली. मला राग आला की मी घासते. आबा दुपारचे झोपले होते, सदरा खुंटीला, त्यावर ते पदक, काळवंडलेलं. म्हटलं, सगळी बिलामत याच्यापासून सुरू झाली, निदान चकचकीत तरी दिसू दे. चिंच लावून घासायला घेतलं. कडेवर काही खोदलेलं बोटाला लागलं. चष्मा लावून उजेडात धरलं. नंबर, हुद्दा, नाव. लष्करात प्रत्येकाचं नाव त्याच्या पदकाच्या कडेवर कोरतात, हे मला माहीत नव्हतं.

ते नाव आबांचं नव्हतं.

मी तिथेच खाली बसले. पहिला विचार आला तो सरळ सांगते: माझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याचं पदक मिरवलं? ज्यांच्यासाठी मी मारामाऱ्या केल्या ते? चिंचेचं पाणी हातावरून ओघळत होतं, आणि मला वाटलं, आता जाऊन त्यांना हलवून उठवावं आणि विचारावं. मग ते नाव पुन्हा वाचलं. आडनाव ओळखीचं होतं. ते बुरोंडीच्या फुफूचं माहेरचं आडनाव.

फुफू म्हणजे आत्या. दापोलीच्या किनाऱ्यावर बुरोंडी आहे, तिथल्या कोळी मुसलमानाच्या घरातली ही बाई दरवर्षी एसटीने आमच्याकडे यायची, सुक्या कोळंबीची पिशवी घेऊन. आबा तिला ‘बाय’ म्हणायचे, ती त्यांना ‘भाऊ’. आम्ही बौद्ध, ती मुसलमान, मग ही आत्या कुठली, असा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. कोळंबी चांगली असायची, फुफू लाड करायची, पुरे होतं. आता तिचे गुडघे गेलेत, येणं होत नाही, पण फोन असतो. मी फोन लावला आणि नमस्कार-बिमस्कार न करता विचारलं, “फुफू, तुझ्या भावाचं पदक आमच्या घरात काय करतंय?”

पलीकडे तिने कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, “तुझ्या आयशीने सांगितलान नाय तुला? बरं, बस खाली. उभी असशील तू.” मी बसलेलीच होते.

तिचा थोरला भाऊ आबांचा जोडीदार होता. आबा पुढे सळी घेऊन, तो मागे पट्टी घेऊन. “एकाच पट्टीची दोन टोकं होते ते दोघे,” फुफू म्हणाली. लढाईत वाट निम्मी झाली असेल, तेव्हा आबांच्या मागे बार झाला. मागे बघायचं नाही. पुढे सुरुंग, मागे रणगाडे खोळंबलेले. आबांनी पट्टीला हिसका दिला. मागून हिसका आला. आहे म्हणाले, जिता आहे, आणि सळी खुपसत पुढे गेले. थोडं गेले की हिसका द्यायचे, मागून यायचा. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत येत होता.

“पलीकडे पोचल्यावर तुझ्या बापाने मागे बघितलान,” फुफू म्हणाली. “मागे कोण नव्हता. माझा भाऊ बार झाला तिथेच गेला होता, निम्म्या वाटेत. त्याच्या मागून पट्टी कोणी उचललीच नव्हती. सगळ्यांना विचारलान तुझ्या बापाने. कोणीच नाय.”

मी उठून ओटीवरचा दिवा लावला. दुपारचे चार वाजले होते, उजेड भरपूर होता, तरी लावला.

पुढचं फुफूने थांबत थांबत सांगितलं. सुट्टी मिळाली तशी आबा आपल्या घरी न येता आधी बुरोंडीला गेले, तिच्या अम्मांना भेटायला. मग दरवर्षी जात राहिले. पदकं मागाहून आली. तिच्या भावाचंही आलं. त्या वर्षी आबांनी आपलं पदक नेऊन अम्मांच्या पायाशी ठेवलं. म्हणाले, हेही त्याचंच, मी नुसता चाललो. अम्मांनी ते उचललं. म्हणाल्या, “हे मी ठेवते. जित्या पोराचं पदक माझ्या घरात असूं दे. आणि माझ्या पोराचं तू ने. तूच त्याचा घरचा.” आणि स्वतःच्या हाताने त्यांनी आपल्या मुलाचं पदक आबांना लावलं. उजव्या बाजूला. कोणा साहेबाने त्यांना सांगितलं होतं, की गेलेल्याचं पदक घरच्यांनी उजवीकडे लावायचं असतं.

“तुझ्या बापाचं हितं आहे,” फुफू म्हणाली. “माझ्या पेटीत. दर ईदेला पुसून ठेवते.”

फोन ठेवला आणि मला हुंदका आला. इतकी वर्षं लोक म्हणत होते चुकतो म्हातारा, आणि तो एकटाच बरोबर होता. ती उजवी बाजू हाच त्याचा आधार होता. आई गेल्याचं विसरले, जेवण विसरले, पण पदक उजवीकडे आहे म्हणजे जोडीदार गेलेला आहे, हे वर्षातून दोनदा छातीवर टोचून आठवायचं. त्या बिचाऱ्या पोराने ते डावीकडे लावलं, आणि आबांच्या डोक्यात तो जिवंत झाला. जिवंत आहे, तर मग अजून पट्टीवर उभा असणार. मागे न बघता, हिसक्याच्या भरवशावर.

आता करायचं काय ते दिसत होतं. पदक पुन्हा उजवीकडे लावायचं. पण लावायचं म्हणजे म्हाताऱ्याला सांगायचं, की तुमचा जोडीदार मेला. ज्याच्या असण्याने चेहरा उजळला होता, त्याला मी माझ्या हाताने मारायचं. पदक मुठीत धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. नाही सांगितलं तर खाण. सांगितलं तर, त्या दुखऱ्या छातीने ऐकायचं.

बसल्या बसल्या बाहेर बघितलं तर सूर्य बुडाला होता. दोऱ्याचं रीळ मी सकाळीच तांदळाच्या डब्यात लपवून वर वरवंटा ठेवला होता, म्हणून निर्धास्त होते. आत गेले. खाट रिकामी, खुंटीवर सदरा नाही, मागचं दार उघडं. वरवंटा जमिनीवर, डबा उघडा.

अंगणात आले तर पांढरा दोरा बेळीतून पलीकडे गेलेला. हाक मारणार होते, ती गिळली. दचकले आणि पाय सरकला तर? पदक एका मुठीत तसंच होतं; दुसऱ्या हाताने मी दोरा धरला आणि त्याच्या कडेकडेने निघाले, पाय न वाजवता. गवत वाळलेलं, पावलाखाली कातळ मधूनच पोकळ वाजत होता. खाली, लांब, मिरकरवाड्याच्या बोटींचे दिवे लागत होते. दोरा माझ्या हातात ताठ होता, पुढेही आणि मागेही.

आबा खाणीच्या अगदी तोंडाशी होते. गुडघ्यांवर. छत्रीची दांडी त्यांनी पुढे टेकवायला नेली, आणि ती टेकलीच नाही. ती हवेत होती. त्यांनी पुन्हा चाचपलं. “इथे एक पेरलेला आहे,” स्वतःशी म्हणाले, आणि आणखी पुढे वाकले.

काय करावं सुचेना, आणि हाताने आपणहून केलं: मी दोऱ्याला एक हिसका दिला.

आबा थांबले. मान वळली नाही. पुढून हिसका आला. पाठोपाठ एक मागूनही आला. खांबाला ताण बसला असेल, म्हटलं.

“आलास?” आबा म्हणाले.

मी बाजूने त्यांच्या पुढे जायला पाय उचलला, तसे आबा किंचाळले, “पट्टीच्या बाहेर पाय टाकू नको!” सगळं अंग ताठ झालं त्यांचं, खडे घरंगळून पाण्यात पडल्याचा आवाज आला. मी पाय मागे घेतला. म्हटलं, बरं आबा, पट्टीच्या आतूनच येते. मागून जाऊन गुडघे टेकले, त्यांच्या कमरेला एका हाताने विळखा घातला, आणि दुसरा हात पुढे नेऊन सदऱ्यावर चाचपत मुठीतलं पदक लावलं. उजव्या बाजूला. पिन आधी माझ्याच बोटात गेली.

“आबा, खाली बघा. छातीवर.”

त्यांनी बघितलं. बोटाने चाचपलं. “उजवीकडे आहे.”

“हो.”

“म्हणजे त्याचं.”

“हो आबा. त्याचंच.” आणि मग मी बोलले, कारण दुसरं कोणी बोलणारं नव्हतं. “तो गेला आबा. तेव्हाच गेला, निम्म्या वाटेत. तुम्ही पोचलात. तो नाही पोचला.”

मला वाटलं, आता छाती फुटेल. काही फुटलं नाही. माझ्या विळख्यात ते हळूहळू सैल झाले, आणि रडायला लागले. आईच्या वेळी ते रडले नव्हते. मीही त्यांच्या पाठीवर डोकं टेकून रडून घेतलं. मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, आबांनी मान वळवून मागे बघितलं. माझ्याकडे.

“तू होतीस होय गो बाय?”

“हो. मीच होते. चला घरी.”

परत फिरायचं म्हणजे मी पुढे आणि आबा मागे. माझ्या ओढणीचं टोक त्यांनी न सांगता धरलं. मी दोरा गुंडाळत निघाले. थोडं चाललं की ओढणीला हिसका यायचा, मी द्यायचे. दोरा शेवटपर्यंत ताठ होता. गुंडाळत जाणार तर ताठ राहणारच, एक टोक खांबाला आहे म्हटल्यावर. तरी घराकडे कोणी हात धरून नेतंय असं वाटत होतं, आणि खरं सांगते, त्या अंधारात मला ते बरं वाटत होतं.

बेळ ओलांडली, अंगणात आलो. ओटीवर मी दुपारीच लावलेला दिवा होता, त्याच्या उजेडात पडवीचा खांब दिसला.

खांबाला काही बांधलेलं नव्हतं.

दोरा माझ्या हातातून सरळ पायरीपर्यंत गेला होता, कमरेएवढ्या उंचीवर, ताठ. मी जागची हलेना. विज्ञान, निवृत्ती, बावीस प्रतिज्ञा, सगळं आठवून बघितलं. आबा मात्र माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, पायरीकडे बघत. घाबरले नव्हते. खूप दमलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, “पोचलो रे. आता सोड.”

दोरा खाली पडला.

आबांना आत नेलं, पाय धुतले, भात भरवला. ते लगेच झोपले, पदकासकट. पुन्हा कधी संध्याकाळचे बाहेर गेले नाहीत. मी अंगणात जाऊन उरलेला दोरा गुंडाळून घेतला. त्याच्या पायरीकडच्या टोकाला गाठ नव्हती. जाळ्याचा दोरा, दिला तो आकार धरून ठेवतो. टोकाशी बारीक, गोल वळणं पडली होती, वेढे घेऊन धरलेल्या बोटाच्या मापाची. मी त्यात माझं बोट घालून बघितलं. ती माझ्या बोटाला मोठी होत होती.